नातवाचा खोकला आणि आजोबांचा खोकला

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सव्वातीन वर्षांचा, वजन तेरा किलो. जूनमध्ये बालवाडीत घातल्यापासून दर महिन्याला सर्दी, खोकला आणि दोन दिवस ताप. या वेळचा खोकला बारा दिवस झाले तरी थांबत नाही, शेंबूड हिरवट झालाय, रात्री छातीत घरघर ऐकू येते. पहिल्या डॉक्टरांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं होतं. दुसऱ्यांनी अँटिबायोटिकची गरज नाही म्हणून नुसतं पॅरासिटामॉल लिहून दिलं. कोणाचं ऐकायचं? घरी नेब्युलायझर घ्यावा का? आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, 'सासऱ्यांनाही महिनाभर खोकला आहे, मेडिकलमधून लिव्होफ्लॉक्सासिन आणून दिलं तेव्हा बरं वाटलं होतं, आता पुन्हा सुरू झालाय. त्यांचंच मुलाला लागलं असेल का?'

ताई, तुमच्या पत्रातली जवळजवळ सगळी काळजी मुलाची आहे. वाचल्यावर मला जास्त काळजी वाटली ती तुमच्या सासऱ्यांची. पण विचारलंय मुलाचं, तर आधी त्याचं बोलू.

बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं अगदी नेहमीचं आहे, आणि पावसाळा ते फेब्रुवारी या काळात ती महिन्याला एक अशी पडते. सर्दीचे विषाणू शेकडो प्रकारचे आहेत. एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार, त्यात आरएसव्ही, अ‍ॅडिनोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा, फ्लू. मूल घरात असतं तोवर यांतल्या फार थोड्यांशी त्याची गाठ पडते. बालवाडीत वीस मुलांत गेलं की एकेक करून सगळे भेटतात. याचा अर्थ मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे असा नाही, आणि ती वाढवण्याच्या टॉनिकांवर पैसे घालू नका. वजन वाढत नसेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा झाला असेल, कान सारखा फुटत असेल, तर ती गोष्ट वेगळी. तेरा किलो वजन या वयाला ठीक आहे.

बारा दिवसांचाही बाऊ करू नका. साध्या विषाणूंमुळे झालेला खोकला आठवड्यात जाईल असं आपण सगळेच धरून चालतो. प्रत्यक्षात तो निम्म्या मुलांत दहा दिवसांनंतरही टिकतो आणि काही मुलांत तीन-साडेतीन आठवडे रेंगाळतो. ताप उतरला, मूल खातंय, खेळतंय आणि खोकला मात्र चालूच, हे चित्र बरं होत असलेल्या मुलाचं आहे. श्वासनलिकांचं आतलं अस्तर सोललेलं असतं, ते भरून यायला तेवढा वेळ लागतोच. नेमक्या या टप्प्यावर आईवडील दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, नवीन औषध सुरू होतं, चार दिवसांत खोकला थांबतो आणि श्रेय त्या औषधाला जातं. अँटिबायोटिकची अर्धी कीर्ती अशी मिळालेली आहे.

हिरव्या रंगाचं म्हणाल, तर तो रंग जंतूंचा नसतो. संसर्गाशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये एक हिरवट रंगाचं विकर (एन्झाइम) असतं. त्या पेशी फुटल्या की शेंबडाला तो रंग येतो. विषाणूंच्या सर्दीतही येतो. जुन्या बायका सर्दी पिकली की 'आता उतरेल' म्हणायच्या, आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं ठरायचं. रंगावरून अँटिबायोटिक ठरवायचं नसतं. एकच अपवाद लक्षात ठेवा: दहा दिवस उलटूनही काडीचाही उतार नाही, किंवा बरं होता होता पुन्हा जोराचा ताप आणि घट्ट शेंबूड सुरू झाला, तर सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग झाला असण्याची शक्यता असते. तेव्हा पुन्हा दाखवा.

मग पाहायचं कशाकडे? श्वासाकडे. खोकल्याचा आवाज कितीही मोठा असो, त्यावरून फुप्फुसाचा अंदाज येत नाही. न्यूमोनियात फुप्फुसातले हवेचे फुगे पू आणि द्रवाने भरतात, प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी पडतो, आणि मूल ती तूट भरून काढायला भरभर श्वास घेऊ लागतं. हे स्टेथोस्कोपशिवायही कळतं. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, सदरा वर करून पोटाकडे बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. ताप चढलेला असेल तर आधी उतरू द्या, कारण नुसत्या तापानेही श्वास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या मर्यादा अशा: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त. एवढे श्वास भरले तर तो जलद श्वास. तुमच्या मुलासाठी आकडा ४०.

आपल्याकडे याची परीक्षा गडचिरोलीत झाली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि सुईणींना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि कोट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधात, या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या मुलांमध्ये न्यूमोनियाने दगावण्याचं प्रमाण ०.८ टक्के होतं. शेजारच्या, हा कार्यक्रम नसलेल्या गावांत ते १३.५ टक्के. ज्या सुईणींना साठपर्यंत आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी त्यांनी मण्यांचं एक साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. शहरातल्या दवाखान्यांत प्रत्येक खोकल्याला सीबीसी आणि सीआरपी या रक्ततपासण्या लिहून देण्याची जी रीत पडली आहे ती पाहतो तेव्हा मला हे मणी आठवतात. पांढऱ्या पेशी विषाणूंच्या तापातही वाढतात, रडून रडूनही वाढतात. पूर्ण एक मिनिट मुलाच्या पोटाकडे बघायला मात्र ओपीडीच्या गर्दीत वेळ मिळत नाही.

जलद श्वासाच्या पुढची पायरी म्हणजे श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडणं. हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि मूल पाणीसुद्धा पीत नसेल, प्यायलेलं सगळं उलटून टाकत असेल, झटका आला असेल, हाक मारूनही धड जागं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हत असेल, किंवा शांत असतानाही श्वास आत घेताना कर्कश आवाज येत असेल, तर थेट रुग्णालय, मध्ये कुठे थांबायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा नुसता जलद श्वाससुद्धा याच यादीत धरा.

आता कोणत्या डॉक्टरांचं ऐकायचं ते. दुसऱ्यांनी श्वास मोजला असेल, छाती ऐकली असेल, तर त्यांचं. न्यूमोनिया नसेल तर अँटिबायोटिक नको. आणि न्यूमोनिया असेल तरीही या वयात पहिलं औषध अ‍ॅझिथ्रोमायसिन नाही, अमॉक्सिसिलिन आहे. मुलांमधल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाचा मुख्य गुन्हेगार न्यूमोकॉकस, आणि त्याच्यावर पुरेशा मात्रेतलं अमॉक्सिसिलिन अजूनही चांगलं चालतं. मात्रा किलोमागे साधारण ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. म्हणजे तुमच्या मुलाच्या वजनाला एका वेळी सुमारे ५०० मिलिग्रॅम. हे सांगितलं ते स्वतः सुरू करण्यासाठी नव्हे. याच्या निम्म्या मात्रेची चिठ्ठी सर्रास लिहिली जाते आणि मग 'अमॉक्सिसिलिन लागू पडत नाही' म्हणून पुढचं महाग औषध येतं. चिठ्ठी हातात आली की मात्रा वजनावरून काढली आहे का एवढं जरूर विचारा. अ‍ॅझिथ्रोमायसिनला दाद न देणारे न्यूमोकॉकस भारतात भरपूर आहेत. त्या औषधाला डांग्या खोकल्यात, किंवा मोठ्या मुलांच्या मायकोप्लाझ्मासारख्या संसर्गात जागा आहे. पण तीन दिवस, दिवसाला एकच डोस, चवीला बरं, म्हणून ते सगळ्यांचं लाडकं झालंय. २०१९च्या खासगी बाजारातल्या विक्रीच्या अभ्यासात देशात सगळ्यात जास्त खपलेलं अँटिबायोटिक अ‍ॅझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी हेच निघालं. सेफिक्झिमचंही तसंच: टायफॉइडला ठीक, न्यूमोकॉकसवर कमकुवत, तरीही खोकल्याला हमखास.

डॉक्टर असं का लिहितात, हेही सांगायला हवं. पुन्हा दाखवायला रुग्ण येईल याची खात्री नसते, आणि 'नुसतं पॅरासिटामॉल दिलं' अशी गावभर ख्याती झालेली कुणाला नको असते. तुम्ही स्वतःहून 'दोन दिवसांनी पुन्हा दाखवते, तोवर कशावर लक्ष ठेवू?' असं विचारलंत तर निम्म्या चिठ्ठ्यांतून अँटिबायोटिक आपोआप गळेल.

खोकल्याच्या सिरपबद्दल मात्र मी कडक आहे. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपमुळे वीसहून अधिक मुलं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यांतली बरीच उपचारांसाठी नागपूरला आणली होती, म्हणून विदर्भात या बातमीने घराघरांत धडकी भरली. ऑक्टोबरमध्येच केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा वापरू नयेत. त्याआधी डिसेंबर २०२३मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सिरप चार वर्षांखाली देऊ नका, असं बाटलीवर छापायला सांगितलं गेलं होतं. घरात पडलेली बाटली काढून वाचा, हीच दोन नावं असण्याची शक्यता मोठी आहे. आणि भेसळ बाजूला ठेवली तरी, शुद्ध सिरपसुद्धा लहान मुलांत खोकला कमी करतं याचा पुरावा नाही. गुंगी आणतं, तिलाच आपण आराम म्हणतो.

त्याऐवजी रात्री झोपताना अर्धा चमचा मध द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बॉटुलिझमचा धोका असतो; तुमच्या मुलाला चालेल. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब. पातळ वरण, पेज, कोमट पाणी, जे आवडेल ते थोडं थोडं. तापाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तास. त्याचं सिरप १२५ आणि २५० अशा दोन ताकदींत मिळतं आणि थेंबांची बाटली त्याहून कितीतरी तीव्र असते, तेव्हा 'पाच मिली' एवढंच लक्षात ठेवू नका, बाटलीवरचा आकडा बघा. वाफ देऊ नका. फायदा सिद्ध नाही आणि उकळत्या पाण्याचं भांडं कलंडून भाजलेली मुलं सगळ्याच रुग्णालयांत येतात. ओवा-लसणाची धुरी तर बिलकूल नको. धूर तो धूरच, मग तो शेगडीचा असो, उदबत्तीचा, डासांच्या कॉइलचा किंवा आजोबांच्या बिडीचा. कापराचं तेल छातीला चोळायचं सोडा. ते पोटात गेलं तर मुलांना झटके येतात.

रात्रीची घरघर. हात ठेवला की छाती वाजते असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो आवाज घशात आणि नाकामागे साठलेल्या शेंबडाचा असतो, छातीवर नुसता उमटतो. तीन वर्षांचं मूल कफ थुंकत नाही, गिळतं, आणि कधी सकाळी उलटीतून काढतं. त्यात बिघडत काही नाही. पण आवाज श्वास सोडताना येणारा, शिट्टीसारखा असेल, खोकला रात्री आणि धावल्या-हसल्यावर वाढत असेल, घरात कुणाला दमा किंवा त्वचेची अ‍ॅलर्जी असेल, आणि दर सर्दीला हेच होत असेल, तर हा संसर्गाने चाळवलेला बाळदमा असू शकतो. त्यावर औषध श्वासनलिका मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल, तेही पंपाने, स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) आणि मास्क लावून. स्पेसरमधून दिलेलं औषध नेब्युलायझरइतकंच पोचतं, खर्च कितीतरी कमी, वीज लागत नाही. पंपाची सवय लागते ही समजूत इतकी घट्ट बसलीय की लोक पंप नाकारतात आणि त्याच मुलाला दर महिन्याला स्टेरॉइडचं सिरप आनंदाने पाजतात. तर नेब्युलायझर घेऊ नका. घरात यंत्र असलं की शेजारच्या मुलाच्या चिठ्ठीतलं औषधही त्यात घातलं जातं. पुढच्या वेळी आवाज आला की मोबाइलवर त्याच्या उघड्या छातीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. मला तरी असे व्हिडिओ वर्णनापेक्षा फार उपयोगी पडतात.

लसींचं एका दमात सांगतो. न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस २०१७पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. पेंटाव्हॅलंट लसीत हिब (न्यूमोनिया करणारा एक जिवाणू) आणि डांग्या खोकला येतो, गोवर-रुबेलाची लस गोवरामागून येणारा न्यूमोनिया टाळते. कार्ड काढून पाहा. फ्लूची लस वेगळी, दरवर्षीची. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून ती एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. दिवाळीनंतर घेतली तर लाट येऊन गेलेली असते.

आता सासरे. साठीपुढचे असावेत आणि बिडी ओढत असावेत असं मी धरून चाललो आहे, पण तसं नसलं तरी पुढचं बदलत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या माणसाची आपल्या देशात क्षयासाठी तपासणी झालीच पाहिजे. संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, कपडे सैल होणं, बेडक्यात रक्त यांपैकी काही असेल तर संशय वाढतो. नसेल तरी तपासणी टळत नाही. मधुमेह असेल तर त्यांना धोका जास्तच.

आणि ते लिव्होफ्लॉक्सासिन. मला काळजी लागली ती याच शब्दापाशी. हे अँटिबायोटिक क्षयाच्या जंतूंनाही मारतं, पण एकट्याने आणि आठवडाभर दिलं तर पुरतं मारत नाही. जंतू कमी होतात, ताप उतरतो, भूक लागते, घरच्यांना वाटतं गुण आला. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखं. मधल्या काळात बेडका तपासला तर कधीकधी जंतू सापडत नाहीत आणि निदान महिना-दोन महिने पुढे जातं. शिवाय औषधाला न जुमानणाऱ्या क्षयावर जे मोजके उपचार आहेत त्यांत लिव्होफ्लॉक्सासिन मोडतं; ते असं उधळून आपण पुढच्या रुग्णाची वाट बंद करतो. म्हणूनच साध्या न्यूमोनियाच्या प्रौढ रुग्णालाही मी शक्यतो अमॉक्सिसिलिन देतो. छातीला स्टेथोस्कोप न लावता काउंटरवरून लिव्होफ्लॉक्सासिन मिळणं ही मला डेंगीच्या साथीइतकीच गंभीर गोष्ट वाटते.

तपासणी अवघड नाही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात बेडक्यातल्या क्षयाच्या जंतूंची जनुकं शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मोफत होते. ट्रूनॅट हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं, २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेलं. काही तासांत क्षय आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध चालेल की नाही, दोन्ही कळतं. सोबत छातीचा एक्स-रे काढा. या वयात, बिडीच्या फुप्फुसात, क्षयाखेरीज सीओपीडी (धुरामुळे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आणि कर्करोगही पाहावा लागतो. क्षय निघाला तर साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे: दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. मोफत आहे, आणि आहारासाठी नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. मधल्या काळात त्यांना धाप लागली, मिनिटाला ३० किंवा जास्त श्वास झाले, गोंधळल्यासारखे बोलू लागले, किंवा ऑक्सिमीटरवर ९४च्या खाली गेले, तर तपासणीची वाट न बघता दाखल करा.

'त्यांचंच मुलाला लागलं असेल का', याचं उत्तर: मुलाचा येऊन-जाऊन असणारा खोकला बालवाडीचाच वाटतो. पण आजोबांना क्षय निघाला तर पाच वर्षांखालचं घरातलं प्रत्येक मूल तपासावं लागतं, आणि आजार नसला तरी त्याला प्रतिबंधक औषध द्यावं लागतं. लहान मुलांत क्षय फुप्फुसात न थांबता मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बीसीजी या क्षयाच्या लसीने तो धोका कमी होतो, संपत नाही. निकाल येईपर्यंत आजोबांनी तोंडाला रुमाल किंवा मास्क लावावा, नातवाला जवळ घेऊन झोपू नये, खोलीची खिडकी उघडी ठेवावी. वेगळं ताट-वाटी वगैरे काही नको. क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही.

नमुना द्यायच्या दिवशी सकाळी उठल्यावर त्यांना साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा, दोन-तीन खोल श्वास घेऊ द्या आणि मग छातीतून खाकरून काढलेला बेडका डबीत घ्या. नुसती थुंकी दिली तर तपासणी फुकट जाते. रुग्णालयात दोन गोष्टी विचारायची वाट न बघता सांगा: लिव्होफ्लॉक्सासिन कधी आणि किती दिवस घेतलं, आणि घरात सव्वातीन वर्षांचं मूल आहे.